कॅन्सरच्या उपचारांत स्नायू कसे टिकवायचे: व्यायामाची सुरुवात

कॅन्सरचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष वजनकाट्यावर जातं. आकडा उतरला की जीव टांगणीला, अर्धा किलो वाढला की हुश्श. पण काट्याला चरबी, पाणी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पायांवर सूज आली किंवा पोटात पाणी झालं तर वजन वाढलेलं दिसतं, आणि त्याच महिन्यात मांड्या झिजत असतात. उलटंही होतं. मुळात अंगाने भरलेल्या माणसाचं वजन पाच-सात किलोंनी उतरलं की लोक ‘बरं झालं, जरा हलके झालात’ म्हणून मोकळे होतात. त्या पाच-सात किलोंत स्नायू किती गेले, हे कुणी विचारत नाही.

ज्यांनी आजवर कधी ठरवून व्यायाम केलेला नाही आणि आता केमो, रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेच्या चक्रात सापडले आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. जिम लागत नाही. न हलणारी एक खुर्ची, मोकळी भिंत आणि पुढेमागे एखादा रबरी रेझिस्टन्स बँड एवढ्यावर काम भागतं.

आधी थोडं समजून घ्या: नुसतं खाऊन का भागत नाही

‘खातोय तरी अंगी लागत नाही’ ही तक्रार कॅन्सरच्या घरात हमखास ऐकू येते आणि ती खरी असते. उपासमारीत शरीर आधी चरबी खर्च करतं, स्नायू शक्यतो राखून ठेवतं. कॅन्सरमध्ये हा हिशोब बिघडतो. गाठ आणि तिच्याशी झुंजणारी प्रतिकारशक्ती मिळून इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी रसायनं रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे भूक मरते, अंगात कायमची दाहस्थिती राहते, आणि स्नायूंमधली प्रथिनं तुटण्याचा वेग ती नव्याने बांधली जाण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो. या अवस्थेला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तिची जी व्याख्या केली, तिच्यात ‘नेहमीच्या पोषणाने पूर्णपणे भरून न येणारी स्नायूंची झीज’ हा मुद्दा स्पष्ट मांडला आहे. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं तर ती सुरू झाली असं धरतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २० च्या खाली असेल किंवा स्नायू आधीच कमी असतील, तर २ टक्क्यांहून जास्त घटही पुरते.

त्यात भर उपचारांची. उलटीवर आणि सुजेवर दिलं जाणारं डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड बराच काळ चाललं तर मांड्या आणि खांद्यांचे स्नायू खातं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन बंद पाडणारी इंजेक्शनं देतात, त्याने स्नायू कमी होऊन चरबी वाढते. आणि तिसरं कारण सगळ्यांत साधं: माणूस पडून राहतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तर नुसत्या पायांतलं जवळजवळ १ किलो स्नायूंचं वजन गेलं. त्यांना कॅन्सर नव्हता, केमो नव्हती, जेवणही वेळच्या वेळी मिळत होतं.

पहिल्या कारणावर आपला फारसा ताबा नाही, दुसऱ्यावर थोडा, तिसऱ्यावर बराच आहे. व्यायामाची जागा तिथे.

व्यायामाकडून काय अपेक्षा ठेवायची

स्तनाच्या कॅन्सरची केमो घेणाऱ्या २४२ महिलांवर कॅनडात एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. एका गटाने वजनं उचलली, दुसऱ्याने सायकल-ट्रेडमिलसारखा दमाचा व्यायाम केला, तिसरा नेहमीप्रमाणे राहिला. वजनं उचलणाऱ्या गटाची ताकद वाढली, स्नायूंचं प्रमाण वाढलं आणि त्यांना ठरलेल्या केमोचा जास्त भाग पूर्ण घेता आला. नुसत्या दमाच्या व्यायामाने स्नायू तसे वाढले नाहीत. ‘रोज अर्धा तास चालतो, अजून काय करू?’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चालणं चांगलंच आहे, थकव्यावर तर फार चांगलं. पण स्नायू राखायचे असतील तर स्नायूंना त्यांच्या सवयीपेक्षा जास्त ओझं मिळालं पाहिजे.

आता दुसरी बाजू. कॅकेक्सिया पुरता बळावलेल्या रुग्णांवर व्यायामाचा किती परिणाम होतो, याचे अभ्यास मोजके आणि लहान आहेत, आणि त्यांतून ठाम काही सांगता येत नाही. झीज बरीच पुढे गेल्यावर एकट्या व्यायामाने ती उलटवता येईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. म्हणून माझं मत असं, की वाट बघायची नाही. वजन उतरायला लागल्यावर नव्हे, निदान झालं त्याच आठवड्यात खुर्चीवरून उठबस सुरू करावी. शस्त्रक्रियेची तारीख तीन-चार आठवडे लांब असेल तर ते दिवस तर सोन्यासारखे. ‘आधी उपचार उरकू दे, मग बघू’ यात जे गमावतं ते परत मिळवायला फार कष्ट पडतात.

२०२५ साली आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांच्या चाचणीची बरीच चर्चा झाली. केमो संपल्यावर तीन वर्षं आखीव व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते, इतरांत ७३.९ टक्के. बातमी आनंदाचीच, पण तो अभ्यास केमो संपलेल्या रुग्णांचा होता आणि मुख्यतः दमाच्या व्यायामाचा. स्नायूंच्या झिजेचं उत्तर म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

पायरी १: डॉक्टरांना नेमकं विचारा

‘डॉक्टर, व्यायाम केला तर चालेल का?’ असं मोघम विचारलं की ‘हो, झेपेल तेवढा करा’ असं मोघम उत्तर मिळतं. त्याने काही हाती लागत नाही. प्रश्न असे विचारा: माझ्या हाडांत कॅन्सर पसरला आहे का, असेल तर कुठल्या? माझ्या औषधांनी हृदयावर परिणाम होऊ शकतो का, आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे का? टाक्यांवर ताण न येण्यासाठी किती आठवडे वजन उचलायचं नाही? प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन कितीच्या खाली गेलं तर मी थांबायचं?

यांत हाडांचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मणक्यात, खुब्यात किंवा मांडीच्या हाडात गाठी असतील तर हाड ठिसूळ झालेलं असतं. तिथे जड वजन, उड्या, कंबर पिळणं, पुढे वाकून ओझं उचलणं हे सगळं वर्ज्य. याचा अर्थ व्यायामच बंद असा नाही. ज्या हाडांना धोका नाही त्या भागांचा व्यायाम करता येतो, फक्त तो कॅन्सरच्या रुग्णांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टने बसवून द्यावा. या एका बाबतीत माझ्यासकट कुणाचाही लेख वाचून सुरुवात करू नका.

रक्ताच्या आकड्यांचं म्हणाल तर, बऱ्याच ठिकाणी प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली गेल्या की जड व्यायाम टाळायला सांगतात आणि २०,००० च्या खाली ताकदीचा व्यायाम थांबवतात. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर साध्या हालचालींवर राहतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला तर तोच धरायचा. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत गर्दीची जिम आणि पोहण्याचा तलाव नको. घरात करा.

पायरी २: आजची ताकद मोजा

व्यायाम सुरू करण्याआधी दोन मापं घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा.

पहिलं, खुर्चीची चाचणी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर आडवे घ्या. घड्याळ लावून पाच वेळा पूर्ण उभे राहा आणि पूर्ण बसा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची क्षमता घटली आहे असं समजतात. पाचही वेळा हात न लावता उठता आलं नाही, तर किती वेळा जमलं तेवढं लिहा. ही चाचणी पहिल्यांदा करताना कुणीतरी शेजारी उभं असू द्या.

दुसरं, पोटरीचा घेर. शिंप्याचा टेप घ्या, पोटरीच्या सगळ्यांत जाड जागी गुंडाळा, आवळू नका. त्याच गटाने पुरुषांसाठी ३४ सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ३३ सेंटिमीटर ही सीमा धरली आहे. त्याखाली माप गेलं तर स्नायू कमी असल्याची शंका घ्यायची. पायांवर सूज असेल तर हे माप फसवं ठरतं, मग खुर्चीवरच भिस्त ठेवा.

रुग्णालयात पकडीची ताकद मोजायचं हातात धरायचं यंत्र असतं. फिजिओकडे गेलात तर तेही करून घ्या. आणि पोटाचा सीटी स्कॅन तुमचा झालेलाच असेल. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या त्याच चित्रांतून स्नायूंचं प्रमाण काढता येतं. सगळीकडे ते काढत नाहीत, पण विचारायला काय हरकत आहे?

पायरी ३: पहिले चार व्यायाम

इंटरनेटवर शेकडो प्रकार सापडतील. सुरुवातीला चार पुरेत, आणि त्यांतला पहिला सगळ्यांत मोलाचा.

खुर्चीवरून उठबस. हिच्याकडे नीट लक्ष द्या, कारण सोपी वाटते म्हणून बहुतेक जण ती घाईत आणि चुकीची करतात. खुर्ची भिंतीला टेकलेली, बिनचाकाची, बिनहाताची असली तर उत्तम. खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागात सरकून बसा. पावलं कमरेएवढ्या अंतरावर, आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. आता पाठ सरळ ठेवून पुढे झुका, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल. कुल्ले आपोआप हलके होतात. तिथून श्वास सोडत उभे राहा. गुडघे आत एकमेकांकडे पडू देऊ नका. उभं राहिल्यावर क्षणभर थांबा. खरं काम पुढे आहे: बसताना तीन अंक मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो, कारण खाली येताना स्नायू ताणाखाली लांबतो आणि ताकद वाढवायला ते फार उपयोगी पडतं.

हात न लावता उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट ठेवून उंची वाढवा. तरीही जमत नसेल तर मांड्यांवर हात दाबून उठा. महिन्याभरात उशी काढता आली तर ती प्रगतीच. उलट, १५ वेळा सहज होत असेल तर छातीशी एखादी जड पिशवी धरा.

भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे खांद्यांच्या उंचीवर भिंतीला टेकवा, कोपरं वाकवत छाती भिंतीकडे न्या आणि ढकलून परत या. सोपं झालं की पाय थोडे मागे. छातीवर, काखेत शस्त्रक्रिया झाली असेल किंवा नुकताच पोर्ट (औषध देण्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवलेली डबी) बसवला असेल तर डॉक्टरांनी हात उचलायला परवानगी देईपर्यंत थांबा.

बँड ओढणं. खुर्चीवर बसून पाय पुढे पसरा, बँड तळपायांखालून घ्या, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा. पाठीची दोन्ही पाती एकमेकांजवळ येतात असं जाणवलं पाहिजे. बँड नसेल तर पाण्याने भरलेली बाटली एका हाताने ओढल्यासारखी वर उचला, दुसरा हात टेबलावर टेकवून.

टाचा उचलणं. ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून चवड्यांवर उभे राहा, सावकाश खाली या. केमोने तळपाय बधिर झाले असतील, मुंग्या येत असतील, तर हा व्यायाम दोन्ही हातांनी धरून करा आणि सरकणाऱ्या चपला घालून कधीही करू नका.

श्वासाची एक गोष्ट सगळ्यांना लागू: जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. पोटावर स्टोमा (शौच किंवा लघवी पिशवीत जाण्यासाठी केलेलं तोंड) असलेल्यांनी तर विशेष, कारण श्वास कोंडून जोर दिला की पोटातला दाब वाढतो आणि स्टोमाच्या बाजूला हर्निया होण्याची भीती असते.

पायरी ४: किती आणि किती जड

२०१९ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात: ताकदीचा व्यायाम आठवड्यातून २ वेळा, प्रत्येक प्रकाराचे २ सेट (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी), एका सेटमध्ये ८ ते १५ वेळा. जोडीला दमाचा व्यायाम आठवड्यातून ३ वेळा, ३० मिनिटं. हे गाठायचं ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचं काम नाही. पहिल्या आठवड्यात एकच सेट, ५-६ वेळा, एवढंच केलंत तरी चालेल. दोन ताकदीच्या दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा जाऊ द्या.

किती जड, हे ओळखायला यंत्र नको. मनात ० ते १० ची पट्टी धरा. ० म्हणजे आरामात बसलेलो, १० म्हणजे आता याहून एक पाऊलही होणार नाही. ताकदीच्या व्यायामात सेटच्या शेवटी तुम्ही ५-६ वर असायला हवं, म्हणजे शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण वाटाव्यात पण चाल बिघडू नये. सेट संपल्यावर ‘अजून दहा सहज झाल्या असत्या’ असं वाटलं तर ओझं कमी पडतंय. याच जागी बहुतेक जण अडकतात: महिनोन् महिने तीच अर्ध्या लिटरची बाटली, तेवढेच दहा वेळा. लागोपाठच्या दोन व्यायामांच्या दिवशी शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन जास्त जमल्या की ओझं थोडं वाढवायचं, एवढा नियम लक्षात ठेवा.

चालताना कसोटी याहून सोपी. बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. ३० मिनिटं एकदम जमत नसतील तर दहा-दहाचे तीन तुकडे करा. तेही नसेल तर पाच मिनिटं. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी त्या धरा.

दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणं साहजिक आहे. पण दोन दिवसांनीही अंग गळून गेलेलं असेल, किंवा व्यायामाच्या दिवशी पूर्ण संध्याकाळ अंथरुणात जात असेल, तर प्रमाण जास्त झालं. निम्म्यावर आणा, बंद करू नका.

पायरी ५: केमोच्या चक्राला धरून आखा

सोमवार-गुरुवार व्यायाम असं निरोगी माणसाचं वेळापत्रक केमोत टिकत नाही, आणि ते मोडलं की माणूस ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडूनच देतो. त्यापेक्षा स्वतःच्या केमोच्या सायकलकडे, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या चक्राकडे बघा. तीन आठवड्यांची सायकल असेल तर बऱ्याच जणांचे केमोनंतरचे पहिले काही दिवस सगळ्यांत वाईट जातात, पुढच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला असतात, आणि तिसऱ्या आठवड्यात जरा माणसात आल्यासारखं वाटतं. तुमचं वेगळं असू शकतं. एक सायकल नुसती वहीत लिहा: आजचा थकवा दहापैकी किती. दुसऱ्या सायकलपर्यंत नकाशा हाती येतो.

मग तीन आराखडे करा. चांगल्या दिवसांत पूर्ण व्यायाम, आणि ओझं वाढवायचं ते याच दिवसांत. मधल्या दिवसांत प्रत्येकी एक सेट. वाईट दिवसांत फक्त खुर्चीवरून पाच वेळा उठबस आणि दर तासाला बाथरूमपर्यंत किंवा दारापर्यंत एक फेरी. वाईट दिवसाचा आराखडा हास्यास्पद वाटावा इतका छोटा ठेवा, म्हणजे तो होतो.

थकवा असताना व्यायाम म्हणजे उलटंच काहीतरी, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण केमोचा थकवा झोपून भरून निघत नाही, आणि त्यावर जे थोडे उपाय खरोखर लागू पडतात त्यांत हलका, नियमित व्यायाम येतो.

केव्हा थांबायचं, केव्हा फोन करायचा

केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर व्यायामाचा विचारही नको; लगेच रुग्णालयाला फोन, रात्र असली तरी. तसंच छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, धडधड, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळू नका आणि ‘लचकलं असेल’ म्हणून सोडू नका. पाठीत नव्याने सुरू झालेलं, रात्री झोपू न देणारं दुखणं आणि जोडीला पायांत कमजोरी किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, हे मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. त्यात तासांना महत्त्व असतं. उलट्या-जुलाब जोरात असतील तर आधी शरीरातलं पाणी भरून काढा, दोन दिवस व्यायाम राहिला तर काही बिघडत नाही.

हाताच्या सुजेची भीती

काखेतल्या गाठी काढलेल्या महिलांना ‘त्या हाताने काही उचलायचं नाही’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाताला आधीच सूज असलेल्या १४१ महिलांपैकी निम्म्यांनी देखरेखीखाली सावकाश वाढवत वजनं उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. अगदी हलक्यापासून सुरुवात, टप्प्याटप्प्याने वाढ, डॉक्टरांनी सुचवलेली दाब देणारी घट्ट बाही घालून, आणि हात जड-ताठर वाटला तर एक पायरी मागे: एवढं सांभाळून करता येतं.

खाण्याचा हिशोब

व्यायाम स्नायूला बांधणीचा इशारा देतो, पण बांधायला माल हवा. क्लिनिकल पोषणावर काम करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या शिफारशीनुसार कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं, आणि २५ ते ३० किलोकॅलरी लागतात. ५० किलोच्या माणसासाठी ७५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं आणि १२५० ते १५०० किलोकॅलरी. भूक मेलेल्या माणसाला हे एका बैठकीत जमणार नाही. दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी प्रथिनाचा घास आधी, पोट भरायचे पदार्थ नंतर. व्यायाम झाल्यावर तासाभरात काहीतरी प्रथिनयुक्त खाल्लं तर चांगलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय वाढवू नका.

आणि व्यायाम करूनही वजन भराभर उतरत असेल, खाणं निम्म्यावर आलं असेल, तर व्यायाम वाढवायचा नाही. आधी खाण्याचं बघायचं. रिकाम्या पोटी जास्त घाम गाळल्याने स्नायू वाचत नाहीत.

अंथरुणातून उठता येत नसेल तेव्हा

तरीही काही करता येतं. उताणं झोपून गुडघ्यामागे छोटी उशी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबून पाच अंक धरा. पावलं वर-खाली हलवा. गुडघे वाकवून कंबर थोडी उचला. बिछान्याच्या कडेला पाय सोडून दोन-पाच मिनिटं आधाराने बसणंही व्यायामच आहे. आजार फार पुढे गेलेल्या रुग्णाला सेट आणि वेळा मोजायला लावू नका. त्या टप्प्यावर बाथरूमपर्यंत स्वतः जाता यावं, कूस बदलता यावी, एवढंच उद्दिष्ट ठेवलेलं बरं. आणि त्याला नको असेल तर नको.

घरच्यांनी काय करायचं

‘तू बस, मी आणतो.’ प्रेमानेच म्हणतात, पण दिवसातून वीस वेळा असं झालं की रुग्णाच्या दिवसभरातल्या सगळ्या उठबशी आपण काढून घेतलेल्या असतात. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवण्याऐवजी चार पावलांवर ठेवा. रिमोट टेबलावर असू द्या. तो कपाट आवरत असेल तर आवरू द्या, वेळ लागला तरी. पडण्याची भीती असेल तर शेजारी राहा, पण उचलून देऊ नका. वाटेतल्या वायरी आणि सरकते पायपुसणे मात्र आजच काढा, आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

‘व्यायाम केलास का?’ असं रोज विचारणंही टाळा. सोबत खुर्ची ओढून तुम्हीही दहा उठबशी काढल्यात तर जास्त उपयोग होतो.

वही आणि पुढची भेट

दर चार आठवड्यांनी खुर्चीची चाचणी आणि पोटरीचं माप पुन्हा घ्या, शक्यतो सायकलच्या त्याच दिवशी, म्हणजे चांगल्या आठवड्याची तुलना वाईट आठवड्याशी होणार नाही. पाच उठबशी १६ सेकंदांवरून १४ वर आल्या तर उत्तम. तेवढ्यावरच राहिल्या तरी केमोच्या काळात ते कमी नाही. नियमित करूनही वेळ वाढत चालली असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: स्टिरॉइडचा डोस कमी करता येईल का, आहारतज्ज्ञाकडे आणि फिजिओकडे चिठ्ठी द्याल का, आणि मळमळ, तोंडातले फोड किंवा दुखणं यांपैकी जे मला खाऊ किंवा हलू देत नाही त्यावर अजून काही औषध आहे का. तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि बऱ्याचदा अडलेलं तिथेच असतं.